पेडल स्टील गिटार नवी घ्यावी की जुनी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हवाईयन गिटार बरीच वर्षं वाजवताय, आता निवृत्तीनंतर पेडल स्टीलकडे (तशीच आडवी ठेवून, तारांवर बार सरकवत वाजवायची, पण पेडलांनी तारांचे स्वर बदलता येणारी गिटार) वळायचंय. टेक्सासमधल्या भाच्याला तिकडे १९७०च्या दशकातली एक शो-बड कंपनीची गिटार मिळतेय, तीन पेडल आणि गुडघ्याने चालवायचे दोन लेव्हर असलेली. नव्या वाद्याची ऑर्डर देता येईल, पण ते बनून यायला थांबावं लागेल. तिसरा पर्याय नव्या स्वस्त स्टुडंट मॉडेलचा. भाचा दिवाळीला पुण्यात येतोय, म्हणून घाई.

उत्तर आधी सांगतो, कारणं मागाहून. मी तुमच्या जागी असतो तर या तिन्हींपैकी एकही पहिल्या फटक्यात घेतली नसती. भाच्याला सांगा, १९९०नंतर बनलेली, ऑल-पुल यंत्रणेची (स्वराचा प्रत्येक चढ-उतार सळई ओढूनच होतो अशी), सिंगल नेक म्हणजे एकाच गळ्याची, दहा तारांची, तीन पेडल आणि चार-पाच लेव्हरची वापरलेली गिटार शोध; आणि ज्याने ती बनवली तो कारखाना आजही चालू असला पाहिजे. अशी गिटार हाताने तपासून देणारा वाजवणारा माणूस तिकडे मिळाला नाही, तर मात्र गुमान नवी घ्या आणि थांबा. दिवाळी हुकली तर हुकली.

आपल्या पुण्यात जुन्या वाद्याबद्दल एक ठाम समजूत आहे आणि ती पेटीमुळे आहे. पॅरिसच्या सुरांची जुनी पेटी कुणाच्या वाड्यात निघाली की लोक धावत जातात, आणि बरोबरच आहे. ते सूर आता बनत नाहीत, भाता फाटला तर इथला कारागीर नवा घालतो. हाच न्याय पेडल स्टीलला लावला की फसायला होतं. पेटीचा जीव सुरात असतो. पेडल स्टीलचा निम्मा जीव फळीखाली लटकलेल्या यंत्रात असतो, आणि यंत्र झिजतं.

ते यंत्र काय करतं हे एकदा नीट समजून घ्या, मग नवं-जुनं आपोआप उलगडेल. तुमच्या हवाईयन गिटारवर ब्रिज स्थिर आहे. पेडल स्टीलवर प्रत्येक तार ब्रिजच्या जागी एका छोट्या फिरत्या धातूच्या बोटावरून जाते. अशा दहा बोटांच्या संचाला चेंजर म्हणतात. पेडल दाबलं की खालचा आडवा दांडा फिरतो, त्यावरची बेलक्रँक नावाची पट्टी एक लांब सळई ओढते, सळई चेंजरचं बोट फिरवते आणि तार ठरलेल्या स्वरापर्यंत चढते किंवा उतरते. पाय उचलला की तारेचा ताण आणि स्प्रिंग मिळून बोटाला परत जागेवर आणतात. मोकळी तार नेहमीसारखी खुंटीने लावायची; पेडल दाबल्यावरचा स्वर मात्र उजव्या टोकाला सळईच्या शेवटी असलेल्या नायलॉनच्या नटाने. दहा तारा, आठेक पेडल-लेव्हर, म्हणजे पंधरा-वीस सळया, तेवढेच नट आणि शिवाय सगळ्या स्प्रिंगा. यातलं काहीही सैल झालं, गंजलं किंवा झिजलं की ते थेट सुरात ऐकू येतं.

कुठलं पेडल कुठल्या तारेला काय करतं या मांडणीला वादक कोपेडंट म्हणतात. शिकायला ई-नाइन हे ट्यूनिंग घ्या. बहुतेक सगळे धडे त्यातच आहेत. पहिलं, म्हणजे ए पेडल पाचव्या आणि दहाव्या तारेचा बी हा स्वर सी शार्पला नेतं. बी पेडल तिसऱ्या आणि सहाव्या तारेचा जी शार्प ए करतं. सी पेडल चौथ्या तारेचा ई एफ शार्पला आणि पाचवीचा बी सी शार्पला चढवतं. गुडघ्याच्या लेव्हरांपैकी एक ई तारा अर्ध्या स्वराने उतरवतो, एक चढवतो, एक दुसऱ्या आणि नवव्या तारेला उतरवतो, चौथ्याचं काम वादकागणिक बदलतं. यातले पहिले तीन नसतील तर धडा अर्ध्यावर अडतो.

आता त्या शो-बडकडे बघा. शो-बड हे नाव मोठं आहे, यात वाद नाही. शॉट जॅक्सन आणि बडी एमन्स या दोन स्टील वादकांनी १९५०च्या दशकात ती सुरू केली. एमन्स १९६३मध्ये बाहेर पडले आणि रॉन लॅशली यांच्याबरोबर स्वतःच्या नावाची कंपनी काढली. ई-नाइनच्या वरच्या दोन तारा, एफ शार्प आणि डी शार्प, बसवण्याचं श्रेयही १९६२च्या सुमारास एमन्स यांनाच जातं. मॅपलचं लाखेने चमकवलेलं ते शो-बडचं अंग आणि त्या काळचा आवाज यांवर जीव टाकणारे लोक आजही आहेत. मीही आहे. पण तुम्हाला मिळतेय तिच्यात लेव्हर दोनच आहेत. कारखाना १९८०च्या दशकातच बंद झाला. त्या काळातल्या काही गिटारांमध्ये आतले भाग ओतीव जस्ताच्या मिश्रधातूचे आहेत, ते कालांतराने तडकतात. आणि दोन लेव्हर आणखी बसवायचे तर त्याच मापाचे कंस, दांडे, बेलक्रँक शोधा, लाकडात भोकं पाडा, पुढे सगळं पुन्हा जुळवा. अमेरिकेत हे करणारे कारागीर आहेत. सातारा रस्त्यावर नाहीत. आधी एखादं वाद्य हाताशी असलेल्या माणसाने दुसरं म्हणून ही घ्यावी. पहिलं म्हणून नको.

जुन्यातली दुसरी मोठी मोहिनी म्हणजे एमन्सची पुश-पुल, काही स्वरबदल सळई ओढून आणि काही ढकलून करणारी. कुणी देऊ केली तर ऐकून घ्या, वाजवून बघा आणि नमस्कार करून परत द्या. आवाजासाठी तिची ख्याती आहे आणि ती खरी आहे. पण तिची यंत्रणा जुळवणं हे शिकाऊ माणसाचं काम नाही. एक तार नीट लावायला गेलात की दुसरीचं काहीतरी हलतं. फेंडर ४०० तर आठ तारांची आणि केबलने ओढणारी. दिसते देखणी, पण दहा तारांचे धडे तिच्यावर बसत नाहीत.

आता वापरलेल्या पण आधुनिक गिटारकडे. एमएसए, मुलेन, जीएफआय, विल्यम्स, झम अशी नावं तुमच्या कानावर येतील. यांच्या ऑल-पुल यंत्रणेत एका तारेला दोन-तीन वेगवेगळे चढ आणि दोनेक उतार देता येतात, आणि प्रत्येकाचा नट वेगळा. म्हणजे टोकाशी बसून, हातात एक छोटा पाना घेऊन, तुम्ही स्वतः ट्यूनिंग जुळवू शकता. माझ्या मते पुण्यातल्या माणसासाठी हा एकच निकष बाकी सगळ्यांहून जड आहे: बिघडलं तर ते मला उघडून समजेल का?

तपासणीचं सांगतो. भाचा वाजवणारा नसला तरी फोनवर ट्यूनर आणि व्हिडिओ कॉल एवढ्यात बरंच कळतं. त्याला हे वाचून दाखवा.

आधी गिटार उलटी करून पोटाचे फोटो काढायला सांगा, भरपूर उजेडात. विकणारा वरच्या चकचकीत बाजूचे दहा फोटो देतो आणि खालचा एकही देत नाही, तेव्हा मी तिथेच थांबतो. खाली सळया सरळ असाव्यात, गंजाचे पापुद्रे नसावेत, बेलक्रँकवर केसाएवढी भेगही नसावी, आणि कुठे तारेने किंवा रबरबँडने काही बांधून ठेवलेलं नसावं. हसू नका, असं असतं. मग गुडघ्याचा प्रत्येक लेव्हर बोटांनी हलवून पाहायचा. थोडा खेळ चालतो. पण डगडगत असेल, काम सुरू व्हायच्या आधीच बोटभर रिकामा सरकत असेल, तर तिथले बुश, म्हणजे सांध्यातल्या झीज सोसणाऱ्या नळ्या, गेलेत.

मग सूर. चौथी तार ई घ्या, ट्यूनर पाहा. उतरवणारा लेव्हर दाबून सोडा, पुन्हा छेडा. चढवणारा लेव्हर दाबून सोडा, पुन्हा छेडा. तिन्ही वेळा काटा जवळपास एकाच जागी यायला हवा. एक-दोन सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) फरक चांगल्या गिटारमध्येही असतो. पाच-सहाच्या पुढे गेला तर एक तर चेंजर घाणीने चिकटलाय, नाहीतर स्प्रिंग ढिली आहे, नाहीतर बोटाची धुरी झिजली आहे. पहिल्या दोन गोष्टी दुरुस्त होतात. तिसरीसाठी पैसे देऊ नका. हाच प्रयोग पाचव्या आणि सहाव्या तारेवर ए आणि बी पेडलने करायचा.

यानंतर आठवी तार, तीही ई. पेडल न दाबता छेडायची, मग ए आणि बी दोन्ही पेडल एकदम दाबून पुन्हा छेडायची. या पेडलांचा आठव्या तारेशी काहीही संबंध नाही, तरी स्वर किंचित खाली येतो. ताण वाढल्याने गिटारचं अंगच जरासं वाकतं. त्याला कॅबिनेट ड्रॉप म्हणतात. दोन-तीन सेंट सगळीकडे सापडतील. काटा त्याहून पुष्कळ खाली झुकला तर अंग कमजोर आहे किंवा पाय नीट बसलेले नाहीत. आधी पाय घट्ट करून परत पाहायचं.

इथे भाचा घाबरून फोन करेल: “मामा, जी शार्प बेसूर आहे, बारा-चौदा सेंट खाली!” तो दोष नाही. ई-नाइनमध्ये जी शार्प हा ई चा गांधार आहे, आणि पुष्कळ स्टील वादक तो पियानोच्या सुरापेक्षा मुद्दाम खाली लावतात. समान अंतराच्या सप्तकात गांधार षड्जापासून ४०० सेंटवर येतो, नैसर्गिक गांधार ३८६ वर. तानपुऱ्यातून ऐकू येणारा गांधार हाच. टेक्सासातला माणूस कानाने तिथेच पोचलाय याचं मला अजून अप्रूप वाटतं, आणि तुमच्यासारख्या, तंबोरा ऐकत वाढलेल्या माणसाला पेडल स्टील लावणं सोपं जातं ते यामुळेच.

शेवटी चेंजरच्या बोटांचे माथे. तारांनी तिथे खोल चर पाडले असतील तर तार झणझणते आणि लवकर तुटते. उथळ चर घासून काढता येतो. दुसऱ्या टोकाला, खुंट्यांजवळ तारा जिथे टेकतात तिथे (त्या जागेलाही नटच म्हणतात) छोट्या चकत्या असतात, त्या फिरायला हव्यात. अडकलेली चकती म्हणजे पेडल सोडल्यावर स्वर जागेवर न येणं.

एक गोष्ट आधीच विचारून घ्या: पेडल एमन्स पद्धतीने लावलेत की डे पद्धतीने? जिमी डे या वादकाच्या पद्धतीत ए आणि सी पेडलांच्या जागा अदलाबदल होतात, आणि त्याबरोबर डाव्या गुडघ्याच्या लेव्हरांचंही उलटं असतं. दोन्हींत कमी-जास्त काही नाही, पण बहुतेक धडे एमन्स पद्धत धरून चालतात. आरशात बघून दाढी शिकण्याची हौस नसेल तर तीच घ्या.

आता नवं. नव्या व्यावसायिक गिटारचा खरा फायदा चकाकीत नाही. ती तुमच्या कोपेडंटने, तुमच्या उंचीच्या मापाने बनून येते, आणि काही अडलं तर बनवणाऱ्यालाच विचारता येतं, नेमका भाग मागवता येतो. आठ हजार मैलांवरून विकत घेताना याची किंमत मोठी आहे. तोटा पैशांचा: नवी गिटार हजारो डॉलरची वस्तू आहे, चांगली वापरलेली तिच्या बरीच खाली मिळते, आणि तुम्ही वर्षभरात कंटाळलात तर पुण्यात गिऱ्हाईक मिळणं जवळपास अशक्य. अमेरिकेत वापरलेली घेतलेला माणूस दोन वर्षांनी जवळजवळ त्याच भावात विकून मोकळा होतो. आपल्याकडे ती सोय नाही, म्हणून नवी-जुनी काहीही घेतलीत तरी पैसे परत येतील हा हिशेब डोक्यातून काढून टाका.

स्टुडंट मॉडेलबद्दल माझं मत जरा कडक आहे. तीन पेडल आणि एक लेव्हर एवढ्याच यंत्रणेची जुनी शो-बड मॅव्हरिक किंवा तसल्या गिटारा स्वस्तात दिसतील, सोडून द्या. अलीकडच्या स्टुडंट गिटारांत तीन पेडल, चार लेव्हर असतात आणि शिकायला त्या पुरतात. त्यातली स्टेज वन मी बिनधास्त सुचवतो. कार्टर स्टार्टर जुन्या बाजारात पुष्कळ दिसते, पण ती कंपनी आता नाही. एकूणात तुमच्यासारखा माणूस, ज्याचा बार आधीच सुरात पडतो, तो अशा गिटारच्या पलीकडे लवकर जाईल. ज्याला मुळात स्लाइडच नवीन आहे त्याला मी वेगळं सांगितलं असतं.

डबल नेकचा मोह आवरा. दुसऱ्या गळ्यावर सी-सिक्स ट्यूनिंग असतं, त्यातले जॅझ स्वरसमूह तुम्हाला हवाईयनवरून ओळखीचे वाटतील, पण पेडल आठ होतात आणि वजन वाढतं. वजनाचा प्रश्न विमानतळावर उभा राहतो. अमेरिकेतून येणाऱ्या साध्या तिकिटावर एका बॅगेला सहसा २३ किलोची मर्यादा असते आणि लांबी-रुंदी-उंची मिळून १५८ सेंटिमीटर. सिंगल नेक केसमध्ये घालून या मापात बसवता येते. पाय, पेडलांची पट्टी आणि पेडलांचे रॉड सुटे होतात, ते कापडात गुंडाळून दुसऱ्या बॅगेत टाकले की वजन आणखी खाली येतं. डबल नेकला जादा पैसे ठरलेले.

कुरिअरने जुनी गिटार मागवायचा विचार असेल तर सावध. आपल्या परकीय व्यापार धोरणात भांडवली यंत्रसामग्री सोडून बाकी वापरलेल्या मालाची आयात निर्बंधित गटात येते. तिला परवाना लागतो. नव्या मालाला हा अडसर नाही, फक्त कर भरायचा. म्हणून जुनी असेल तर भाच्याने स्वतःच्या सामानातून आणणंच बरं, खरेदीचं बिल जवळ ठेवून आणि सीमाशुल्काच्या खिडकीवर आपणहून सांगून. सूट किती मिळते ते नियम बदलत राहतात; निघायच्या आठवड्यात सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. नवी-जुनीचा निर्णय या एका कारणानेही फिरू शकतो: आणणारा माणूस नसेल तर नवीच.

इथे आल्यावरचं सांगतो. पुण्याला वाद्यांचे कारागीर या यंत्राला हात लावणार नाहीत, पण लेथवाले लावतील, आणि ती आपली जमेची बाजू आहे. भोसरीत किंवा धायरीकडच्या छोट्या वर्कशॉपमध्ये तुटका भाग नमुना म्हणून दिला तर ॲल्युमिनियमची बेलक्रँक किंवा स्टेनलेसची सळई बनवून मिळते. अडचण मापांची: अमेरिकन गिटारचे आटे आणि स्क्रू इंची, आपल्याकडचं सगळं मिलिमीटरमध्ये. मिलिमीटरचा बोल्ट जबरदस्तीने घुसवला की आटे गेले. इंची ॲलन कींचा एक संच आणि नायलॉन नट फिरवायचा पाना गिटारबरोबरच मागवा, आणि सुटे स्क्रू मूठभर. लहानसहान हत्यारं बोहरी आळीत मिळतात.

सनमायका लावलेली गिटार की लाखेची? पुण्यात सनमायका. जून ते सप्टेंबर दमट, मार्च-एप्रिलला ओठ फुटतात एवढी कोरडी हवा. लाख हे सगळं दाखवते, सनमायका ढिम्म राहतो. आवाजावरून लोक वाद घालतात, घालू देत. सळयांवर पावसाळ्यात गंज येतो, म्हणून केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या. आणि धूळ. चेंजरमध्ये धूळ आणि तेल मिळून काळा लगदा होतो, तोच काटा परत येऊ देत नाही. वाजवून झालं की वर सुती कापड टाका, आणि तेल द्यायचं तर शिलाई मशीनचं, सुईच्या टोकाने, एका सांध्याला एक थेंब. गंज सोडवायचे स्प्रे आत मारू नका.

तारांची चिंता करू नका. तिसरी तार, ०.०११ जाडीची, सगळ्यात जास्त तुटते; ती साध्या इलेक्ट्रिक गिटारची सुटी तार घेतली तरी चालते, कारण पेडल स्टीलची तारलांबी साधारण २४ इंचच आहे. पूर्ण संच मात्र भाच्याकडून तीन-चार आणवून ठेवा. ॲम्प्लिफायर तिकडून आणू नका, तो १२० व्होल्टचा असतो. इथला चांगला कीबोर्ड ॲम्प स्टीलला छान जमतो, कारण हवा असतो तो स्वच्छ, न फाटणारा आवाज. व्हॉल्यूम पेडल मात्र लागतंच, आणि त्यातला पोटेन्शियोमीटर खराब झाला की तपकीर गल्लीत तसलाच मिळतो.

राहिली बैठक. तुम्ही आजवर गिटार मांडीवर किंवा स्टँडवर घेऊन वाजवलीत. इथे दोन्ही पाय आणि दोन्ही गुडघे कामाला लागतात, आणि गिटारची उंची त्यावर ठरते. घरातली नेहमीची खुर्ची घ्या, पाय जमिनीला टेकवून ताठ बसा आणि मांडीच्या वरच्या बाजूपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. ते भाच्याला कळवा. त्या गिटारच्या पोटाखालचं यंत्र तुमच्या मांडीच्या किती वर राहतं, हे त्याने विकणाऱ्याकडेच टेप लावून पाहायचं. यंत्र मांडीला घासत असेल तर लांब पाय आणि लांब रॉड लागतात, ते त्याच कारखान्याकडून घ्यावे लागतात, आणि गिटार पुण्यात पोचल्यावर ते मागवण्यापेक्षा तिकडेच बरोबर घेतलेले स्वस्त पडतात.